कुंपण झाकावं म्हणतो

आमच्या घरापुढच्या जागेला बाग म्हणणारे जगात दोनच जीव आहेत. एक मी आणि दुसरी कोपऱ्यावरच्या वाण्याची मांजर. पैकी मांजरीचा बागेचा उपयोग आणि माझा उपयोग यांत थोडा फरक आहे. बाकी सगळे तिला 'पुढची मोकळी जागा' म्हणतात. लांबी 22 फूट, रुंदी 11 फूट. त्यातून येण्याजाण्याची वाट वजा करा, पाण्याची टाकी वजा करा, टाकीचं झाकण उघडायला लागते ती जागा वजा करा, स्कूटर वजा करा. बाकी उरते ती बाग. तीत दोन जास्वंदी, एक कढीपत्ता, तुळस आणि चार कुंड्या एवढी वनश्री नांदते.

या बागेच्या पूर्वेला पत्रा आहे.

पत्रा म्हणजे कुंपण. सहा फूट उंच, ओळीनं अकरा. हे कुंपण आमचे थोरले बंधू म्हणजे दादा यांनी घातलं. वडिलांच्या पश्चात घराची वाटणी झाली, भिंतींची झाली, भांड्यांची झाली, आईच्या फोटोचीसुद्धा दुसरी प्रत काढून झाली. आणि सगळं सुरळीत पार पडल्यावर पुढच्या मोकळ्या जागेतल्या दीड फुटावरून भांडण झालं. मोजणीचा माणूस येऊन गेला. दादानं एक जुना कागद काढला, मी त्याहून जुना काढला. त्यात मी पडलो इतिहासाचा मास्तर, त्यामुळं जुना कागद म्हटला की मला चेव येतो. शेवटी दीड फूट माझ्याकडं आलं आणि दादानं बोलणं बंद केलं. आठ दिवसांनी जुन्या बाजारातून एक टेम्पो आला आणि त्यातून हे पत्रे उतरले.

पत्र्यांना पूर्वजन्म आहे. कुठल्याशा जुन्या निवडणुकीत त्यांच्यावर उमेदवार रंगवलेला होता. दादानं रंगवलेली बाजू माझ्याकडं केली. मुद्दाम की नकळत, हे मी अजून ठरवलेलं नाही. आणि पत्रे ठोकणाऱ्या मिस्त्रीला अक्षरओळख नसावी किंवा लोकशाहीवर राग असावा, कारण ते त्यानं हाताला लागतील तसे ठोकले. 'प्रचंड मतांनी विजयी करा' या वाक्याचं 'मतांनी यी प्रचंड करा विज' असं झालं. जोडलेले हात चौथ्या पत्र्यावर आहेत. चेहरा सातव्यावर आहे, तोही उलटा; म्हणजे आधी मिशा, मग नाक, मग डोळे. सकाळी चहाचा कप घेऊन मी ओट्यावर बसलो की हे गृहस्थ खाली डोकं वर पाय अशा अवस्थेत माझ्याकडं बघतात. पलीकडं दादाला दिसतो तो साधा करडा पत्रा. लोकशाही सगळी माझ्या वाट्याला.

तेव्हा हे कुंपण झाकावं असं मी ठरवलं. सौभाग्यवती म्हणाली, "एक डबा रंग आणा आणि फासा." हा झाला व्यवहार. पण छत्तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाला असं थेट कामाला भिडता येत नाही. आधी पूर्वपीठिका लागते.

तशी आमच्याच कुंपणाला पूर्वपीठिका आहे. वडिलांच्या वेळी तिथं शेर होता. हिरव्या पेन्सिलींची जुडी उभी करावी तसं ते बिनपानाचं झुडूप. मोडलं की पांढरा चीक येतो. "डोळ्यात गेला तर आंधळा होशील" हे वाक्य आमच्या पिढीनं पाढ्यांच्याही आधी पाठ केलं. या शेराला मी जन्मभर अस्सल देशावरचा समजत होतो. तो निघाला आफ्रिकेचा. त्याच्याच जोडीला कोपऱ्यावर फड्या निवडुंग होता, तो निघाला अमेरिकेचा. त्या निवडुंगावरून ईस्ट इंडिया कंपनीची चांगलीच फजिती झालेली आहे. मेक्सिकोत निवडुंगावर एक किडा पोसतात, तो वाळवून चिरडला की किरमिजी रंग मिळतो, आणि त्या रंगावर स्पेननं भरपूर पैसा केला. कंपनीच्याही तोंडाला पाणी सुटलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेकडं किडा आणवला, निवडुंगावर सोडला. पण किडा आला तो चुकीच्या जातीचा. रंग काही धड देईना, निवडुंग मात्र फस्त करत सुटला. कुंपणानं शेत खाल्ल्याचं आपण ऐकून आहोत. इथं कंपनीनं पगार देऊन कुंपण खाणारा नोकर ठेवला.

शेर गेला आणि काटेरी तार आली. या तारेचं चांगलं चाललेलं पेटंट 1874 साली अमेरिकेत इलिनॉयमधल्या जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्यानं घेतलं. त्याआधी तिथले शेतकरीही काटेरी झाडांची कुंपणं लावत होते. म्हणजे तार हे मुळात झाडाचं सोंग. झाडाचे काटे घेतले, पाणी घालायची कटकट सोडून दिली. आमच्या तारेला तीन पदर होते, आणि मधला पदर मी आणि दादानं मिळून असा वाकवला होता की चेंडू पलीकडं गेला तर एक मुलगा आडवा होऊन जाऊ शकेल. दादाच्या पाठीवर त्या तारेचा एक ओरखडा अजून असेल. तेव्हा पलीकडंही आमचंच होतं, पण कुंपण होतं. का होतं ते वडिलांनाच ठाऊक. बहुधा शेळ्यांसाठी.

पण कुंपणाचा इतिहास म्हणून जो काही आहे त्यातलं महाकाव्य वेगळंच आहे, आणि ते मी छत्तीस वर्षांत एकाही वर्गाला शिकवलं नाही, कारण ते पुस्तकात नव्हतं. पुस्तकात ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम होते. 1885 साली काँग्रेसची स्थापना, अधिवेशन पुण्यात ठरलं होतं, पटकीची साथ आली म्हणून मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत झालं, गुण दोन. या ह्यूमसाहेबांनी त्याआधी काय केलं ते कोणी विचारत नाही. त्यांनी कुंपण लावलं. असंतसं नव्हे. 1867 ते 1870 ते अंतर्गत जकातीचे कमिशनर होते, आणि त्यांच्या अखत्यारीत सिंधूपासून महानदीपर्यंत गेलेली सुमारे 2300 मैलांची जकातरेषा होती. तिच्यावर जवळजवळ 12,000 माणसं पहाऱ्याला. हे सगळं कशासाठी? मिठासाठी.

बंगालकडच्या इलाख्यात मिठावर कर जबर. आपल्या मुंबई इलाख्यात त्या मानानं कमी, राजस्थानातल्या संस्थानांत सांभर सरोवराचं मीठ स्वस्त. मग पश्चिमेचं मीठ चोरून पूर्वेला जाणार, हे सांगायला अर्थशास्त्र नको, स्वयंपाकघर पुरे. ते अडवायला सरकारनं आधी सुक्या काट्यांचं कुंपण रचलं. ह्यूमसाहेबांनी हिशेब केला तर एका मैलाला 250 टन काटे लागायचे, तेही लांबून वाहून आणायचे. एवढं करून त्याला वाळवी लागे, आग लागे, उंदीर लागत, आणि एक वादळ आलं की फर्लांगच्या फर्लांग कुंपण उडून जाई. (माझ्या माहितीत सरकारी काम वाऱ्यानं उडून गेल्याचं हे अगदी अक्षरशः उदाहरण.) तेव्हा साहेबांनी ठरवलं की कुंपण जिवंत पाहिजे. आणि मग हा माणूस माझ्यासारखाच कामाला लागला. इथली माती कसली, पाणी साठतं की वाहून जातं, कुठं बाभूळ तग धरेल, कुठं बोर, कुठं करवंद, जिथं काहीच येत नाही तिथं निवडुंग आणि थोर. चर खणले, बांध घातले, चांगली माती आणून टाकली. दहा ते चौदा फूट उंच आणि पुरुषभराहून जास्त जाड अशी हिरवी भिंत शेकडो मैल उभी राहिली. दक्षिणेकडं ती थेट बऱ्हाणपुराच्या बाजूपर्यंत, म्हणजे आपल्या खानदेशाच्या दारात आलेली होती.

मी हे वाचलं आणि मला त्या साहेबाबद्दल एकदम आपुलकी वाटली. 22 फुटांत मला घाम फुटलाय. पण पुढचं वाचलं आणि आपुलकी जरा आखडती घेतली. कारण ते कुंपण सुंदर होतं, शास्त्रशुद्ध होतं, आणि ते गरिबाच्या ताटातलं मीठ अडवायला होतं. माणसाला मीठ ही चैन नाही. मीठ कमी पडलं तर अंगातली ताकद जाते, जुलाबातून माणूस उठत नाही. तेवढ्यासाठी ते झुडूप निगुतीनं वाढवलं. लोक मग काय करायचे? मिठाच्या गोण्या कुंपणावरून पलीकडं फेकायचे. काही बहाद्दर त्याहून हुशार. चोरटं मीठ पकडून देणाऱ्याला त्या मालाच्या निम्म्या किमतीइतकं बक्षीस होतं, म्हणून ते स्वतःच मीठ लपवायचे आणि स्वतःच शोधून द्यायचे.

पुढं सरकारनं सांभर सरोवरच भाड्यानं घेतलं, मीठ जिथं निघतं तिथंच कर वसूल व्हायला लागला, आणि 1879 साली जकातरेषा मोडीत निघाली. कुंपण गेलं, कर राहिला. तो कर मोडायला दांडीपर्यंत चालावं लागलं ते 1930 साली, हे मात्र पुस्तकात आहे, गुण पाच. आणि कुंपण इतकं साफ विसरलं गेलं की 1995 साली रॉय मॉक्सॅम नावाच्या एका इंग्रज गृहस्थाला लंडनच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याचा ओझरता उल्लेख सापडला, तेव्हा त्यालाही ते खरं वाटेना. त्यानं इथं येऊन तीन-चार वर्षं धुंडाळलं आणि इटावा जिल्ह्यात त्याचा एक तुकडा शोधून काढला. 2001 साली पुस्तक लिहिलं. गंमत अशी की 1857 साली त्याच इटाव्याचे कलेक्टर ह्यूमच होते.

हे सगळं मी रात्री जेवताना सौभाग्यवतीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्या पानात लिंबाच्या लोणच्याची फोड वाढली. लोणचं मुरलेलं, किंचित गोडसर. ही चव आमच्या घरची नाही. हिच्या लोणच्यात गूळ नसतो. ही चव मी पंचवीस वर्षं वहिनींच्या हातून खाल्लेली आहे.

"हे कुठून आलं?" मी विचारलं.

"बरणीतून," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी पूर्वेच्या सरहद्दीची तपासणी केली. अकराव्या पत्र्याशेवटी, सांडपाण्याच्या मोरीजवळ, वीतभर फट आहे. फटीच्या तोंडाशी जमीन गुळगुळीत झालेली. एक वाटी सहज सरकेल एवढी. म्हणजे आम्ही दोघे भाऊ पत्र्याच्या अलीकडं-पलीकडं कमिशनर होऊन बसलो होतो आणि मोरीतून लोणचं, मेतकूट, भाजणी आणि अळूच्या वड्या असा व्यापार बिनदिक्कत चालू होता. जकात शून्य. मी काही बोललो नाही. सरकारला कधीकधी कळत नसतं ते बरं असतं.

असो. तर झाड निवडायचं होतं. नर्सरीत गेलो. नर्सरीवाला तरुण, कानाला मोबाईल, पायाशी कुत्रं. म्हणाला, "सर, कोयनेल लावा. कापत राहायचं, भिंतच." कोयनेल म्हणजे कडूमेंदी, जुन्या बंगल्यांना, शाळांना असते ती. अस्सल आपल्याकडची, समुद्रकाठची. पण तिला दाट व्हायला दोनअडीच फूट रुंदी लागते आणि माझ्याजवळ आहे दीड फूट. हो, तेच दीड फूट. ज्या पट्ट्यावरून भाऊ गेला त्याच पट्ट्यात आता खड्डा खणायचा होता. त्यामुळं झुडूप बाद. वेलच पाहिजे. आणि माझी अट एकच, वेल आपला पाहिजे. नावावरून कळेल असा.

"मग गणेशवेल घ्या," तो म्हणाला. घरी येऊन पुस्तक उघडलं. गणेशवेल उष्ण अमेरिकेतला. संक्रांतवेल, ऐन संक्रांतीला केशरी झुंबरांनी पत्रा झाकतो म्हणे, तो ब्राझीलचा. कृष्णकमळ तर मी डोळे मिटून आपलं मानलं होतं. शंभर तंतू म्हणजे कौरव, पाच केसर म्हणजे पांडव, हे आईनं परसात बसून मोजून दाखवलेलं. तेही दक्षिण अमेरिकेचं, आणि तिथं गेलेल्या स्पॅनिश पाद्र्यांना त्याच फुलात ख्रिस्ताचा काट्यांचा मुकुट, खिळे आणि जखमा दिसल्या. म्हणजे फूल एकच. त्यांनी बायबल मोजलं, आम्ही महाभारत. फुलाला कुणी विचारलं नाही.

आणि बोगनवेल! मी लहानपणापासून समजत होतो की जाईची वेल तशी बोगनची वेल. 'बोगन' म्हणजे काय याचा विचार करायला सवड झाली नाही. तर तो बूगँव्हिल नावाचा फ्रेंच दर्यावर्दी. 1766 साली तो पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला, त्याच्या ताफ्यात कोमेर्सों हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता, रिओ दे जानेरोला त्यांना हे झाड दिसलं आणि कप्तानाचं नाव दिलं. मराठीनं त्या नावाची शेपटी बघितली, 'वेल' ऐकलं आणि दत्तक घेऊन टाकलं. पण यातलं खरं पात्र वेगळंच आहे. कोमेर्सोंच्या बरोबर एक मदतनीस होता. ओझी वाही, डोंगर चढे, झाडं गोळा करी. साहेबांचा पाय दुखरा, त्यामुळं बरेचसे कष्ट या मदतनिसाचेच. ताहितीला पोचल्यावर उघडकीला आलं की हा बाप्या नसून बाई आहे. तिचं नाव जान बारे. फ्रेंच आरमाराच्या गलबतावर बायकांना बंदी, म्हणून पुरुषाचा वेष. पुढं साहेब मॉरिशसला वारले, ही काही वर्षांनी फ्रान्सला परतली आणि पृथ्वीप्रदक्षिणा केलेली पहिली बाई ठरली. कप्तानाच्या नावानं जगभर कुंपणं रंगली. तिच्या नावाचं एखादं झाड असावं हे शास्त्रज्ञांना 2012 साली सुचलं, आणि ते काय, तर वांग्या-बटाट्याच्या कुळातलं.

ही हकीकत सौभाग्यवतीला सांगितली तर तिला आश्चर्य काहीच वाटलं नाही. "ओझी कोण वाहतं आणि नाव कोणाचं होतं," एवढं म्हणून ती कुकर लावायला गेली.

बोगनवेल मात्र लावली नाही. तिला काटे असतात, आणि ती वर चढून पलीकडं झुकणार. म्हणजे दादाच्या अंगणात माझे काटे. आधीच संबंध नाजूक.

शेवटी कृष्णकमळाचं रोप आणलं. ब्राझीलचं असो की बद्रिकेदारचं, आईनं मोजलेले पांडव तेच. फेब्रुवारीत लावलं. इथं वाचकांपैकी ज्यांना बागकाम कळतं ते हसले असतील, त्यांनी हसून घ्यावं. मार्चमध्ये त्याच्या तणावांनी पत्र्याला हात घातला, एप्रिलमध्ये पत्रा तापला आणि कौरव-पांडव उगवायच्या आधीच कुरुक्षेत्र जळून गेलं. पत्र्याला दुपारी हात लावून बघा म्हणजे कळेल. वेलाला धरायला गुळगुळीत पत्रा कामाचा नाही, आणि तापलेला तर नाहीच. पत्र्यापासून वीतभर अंतर सोडून बांबूचा मांडव उभा करायचा, आडव्या तारा ओढायच्या, मधून वारा खेळला पाहिजे. आणि लावायचं ते पहिला पाऊस मुरल्यावर, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वेलाला स्वतःची सावली होते. हे सगळं मला त्याच नर्सरीवाल्यानं सांगितलं, पण रोप मेल्यावर. मी म्हटलं, आधी का नाही सांगितलं? तर म्हणाला, "तुम्ही विचारलं कुठं सर? तुम्ही तर मला त्या वेलाचं गाव विचारत होता."

जूनमध्ये त्यानं दिलं मधुमालतीचं रोप. मी घरी आणलं आणि पुन्हा पुस्तक उघडलं. खोड कशी जाणार? पण या वेळी पुस्तकात जे सापडलं त्यानं मी दोन दिवस गप्प होतो.

सतराव्या शतकात रुम्फियस नावाचा एक जर्मन माणूस डच कंपनीच्या नोकरीत अंबोन बेटावर होता. मसाल्यांच्या बेटांपैकी एक. नोकरी व्यापाराची, नाद झाडांचा. हा तिथली एकेक वनस्पती बघून लिहीत सुटला. 1670 साली आंधळा झाला. 1674 च्या भूकंपात त्याची बायको आणि मुलगी गेली. तरी दुसऱ्याकडून लिहवून घेत राहिला. 1687 साली आग लागली, चित्रं जळाली. पुन्हा काढवली. हस्तलिखित हॉलंडला पाठवलं, ते गलबत 1692 साली फ्रेंचांनी बुडवलं. सुदैवानं आधी एक नक्कल ठेवून घेतलेली होती. ती पोचली, तर कंपनीनं व्यापाराची गुपितं फुटतील म्हणून छापायलाच बंदी केली. रुम्फियस 1702 साली वारला. पुस्तक छापायला सुरुवात झाली 1741 साली. आणि मी एक कृष्णकमळ वाळलं म्हणून तीन दिवस कुंडीकडं पाठ करून बसलो होतो.

तर त्या माणसानं हा वेल पाहिला. गंमत म्हणजे मधुमालती पहिले काही महिने वेल नसतेच, झुडपासारखी बसून असते; मग एकदम फांद्या फेकते आणि चढते. फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, तिसऱ्या दिवशी लाल. म्हणजे हिचं एक काही धरून लिहावं तर दुसऱ्या दिवशी खोटं. रुम्फियसनं तिचं लॅटिन नाव ठेवलं 'क्विस्क्वालिस'. अर्थ : कोण? कसला? पुढं लिनियसनं तेच नाव कायम केलं आणि शेकडो वर्षं शास्त्रज्ञ या वेलाला गंभीरपणे 'कोणकसला' म्हणत राहिले. आता ते नाव बदलून दुसरं ठेवलंय, ते शास्त्रीय आहे आणि त्यात काही गंमत नाही.

ही मधुमालती आपल्या बाजूची, निदान आशियातली तरी. एवढ्यावर मी समाधान मानलं. दीड फुटाच्या पट्ट्यात, चौथ्या आणि पाचव्या पत्र्याच्या मध्ये खड्डा घेतला. खणताना एक काचेची गोटी निघाली, आत निळी नागमोडी रेघ असलेली. ती माझी की दादाची ते सांगता येत नाही. जुना कागद काढूनही सांगता येणार नाही. मी ती धुऊन खिडकीत ठेवली.

दिवाळीपर्यंत रोप झुडूप होऊन बसलं. मला वाटलं पुन्हा फसलो. मग जी सुटली ती सुटली. पुढच्या उन्हाळ्यात जोडलेले हात झाकले, मग अक्षरं झाकत आणली, दुसऱ्या पावसाळ्यात उलट्या उमेदवाराच्या मिशांपर्यंत पोचली. डोळे तेवढे राहिले. पानांतून ते दोन डोळे संध्याकाळी असे काही बघतात की नवीन दूधवाला एकदा दूध ठेवून पैसे न घेता गेला.

गेल्या श्रावणातली गोष्ट. दिवस मावळला होता, नुकतीच फुलं उमलत होती, वास सुटला होता. मी स्टुलावर चढून वरच्या फांद्या तारेला बांधत होतो. हातात सुतळीचा गुंडा. स्टुलाचा एक पाय जरा आखूड आहे, तो खडखडला आणि मी तोल सावरायला पत्र्याला धरलं. अकरा पत्रे एकदम वाजले. पलीकडून आवाज आला,

"कोण?"

तीन वर्षांत तो आवाज माझ्याशी बोलला नव्हता. मी म्हटलं, "मी."

थोडा वेळ काही नाही. मग, "काय करतोयस अंधारात?"

"वेल बांधतोय."

"कसला?"

मला क्षणभर हसूच आलं. रुम्फियस सांगावा की काय असं वाटलं, पण स्टूल हलत होतं. "मधुमालती," मी म्हटलं.

"इकडं आलाय सगळा." दादा म्हणाला. "तुझ्या वहिनीनं गणपतीपुढं फुलं ठेवली होती तेव्हाच मी ओळखलं, बाजारातली नाहीत."

"मग कापू का वरून?"

"मी म्हटलं का काप म्हणून?" आवाज एकदम चढला, अगदी लहानपणी चढायचा तसा. "तू तिकडं बांबू लावलेत, इकडं काय आहे? नुसता लोंबतोय. वारा आला की पत्रा वाजतो, झोप होत नाही. सुतळी आहे का तुझ्याकडं?"

"आहे."

"टाक इकडं. आणि स्टुलावरून उतर आधी. तो पाय वडिलांच्या वेळेपासून आखूड आहे, माहितीय ना?"

मी गुंडा पत्र्यावरून पलीकडं टाकला. खाली पडल्याचा आवाज आला, मग दादाच्या चपला, मग बांबू ओढल्यासारखं काहीतरी. वहिनी आतून विचारत होत्या, कोणाशी बोलताय हो, आणि दादा म्हणत होता, कोणाशी नाही.

त्यालाही आता महिने झाले. पलीकडं त्यानं मांडव चांगला घातलाय म्हणतात. हिनं मोरीच्या फटीतून वाकून पाहिला. सुतळीचा गुंडा मात्र परत आलेला नाही. आठवीत माझी कंपासपेटी नेली होती, तीही अजून यायची आहे.